कपाटामागची भिंत

२७ जून

सहा मिनिटांत तीनशे ऐंशी मीटर. दवाखान्याच्या बोळकांडात नर्स घड्याळ घेऊन उभी, आणि आमचे नृसिंह दोन खुर्च्यांच्या मधे येरझाऱ्या घालतायत. नव्वद मिनिटं मैदानभर पळून शिट्टी मारणारा फुटबॉलचा रेफ्री! थांबले तेव्हा नर्सला म्हणाले, "एक्स्ट्रा टाइम न्हाय व्हय?" ती हसली. मी नाही. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दाखवत होतं.

डॉ. निशिगंधा छातीच्या डॉक्टर. तरुण आहेत, मोजकं बोलतात. स्कॅन बघून म्हणाल्या, "फुप्फुसाला जाळी धरायला लागलीय. खालच्या बाजूनं." मग प्रश्न. कबुतरं? कोंबड्या? कूलर? पिसांची उशी? सगळ्याला नाही. "घरात ओल?" मी म्हटलं, पावसाळ्यात कोल्हापुरात कुणाच्या घरात नसते! त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवते. दोन शक्यता. एक, घरातल्या बुरशीची ऍलर्जी. तसं असेल तर घर सोडायचं, आणि सूज उतरवायची औषधं. मग जेवढं फुप्फुस शाबूत आहे तेवढं टिकतं. दुसरी, कारण न सापडणारा प्रकार. त्याची औषधं वेगळी, आणि कुठंही राहिलात तरी फरक पडत नाही. "एकाची औषधं दुसऱ्याला देऊन चालत नाही. रक्त अधलंमधलं आलंय, त्यावरून ठरत नाही. घर तपासून घ्या. कोल्हापुरात एक जण करतो ते काम."

रिक्षात हे बाहेर बघत बसले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "आजवर लोकांना मैदानाबाहेर मी काढलं. मला कोण काढतंय बघू."

२८ जून

अक्का आल्या. ह्यांची थोरली बहीण, शिवाजी पेठेत असतात. हातात डबा, तोंडात तोफ.

"भिंतीची तपासणी? भिंतीला शुगर झालीया व्हय?"

समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या पेठेत भिंतीवर पिंपळ उगवत्यात. सगळी नव्वदीला जात्यात. ह्यालाच बरं झालं!" मग भावाकडं बघत राहिल्या. जिना चढून नव्हे, नुसती चप्पल काढून ते खुर्चीत टेकले होते. अक्का उठल्या. डबा उघडून ठेवला. तांबडा रस्सा.

३० जून

डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाचा फोन लागला. बुद्धभूषण. जीवाणूशास्त्रात एम.एस्सी., आधी बिद्रीला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता, आता घरं तपासतो. चार जुलै, सकाळी नऊ.

अटी मोठ्या. तीन दिवस झाडू नाही, फडकं नाही, धूप-उदबत्ती नाही. आदले चोवीस तास खोलीच्या खिडक्या बंद. पंखासुद्धा नाही.

"घर जसं आहे तसं मला पाहिजे, मावशी. पाहुणा येणार म्हणून आवरू नका. मी पाहुणा नाही."

मी म्हटलं, बरं.

१ जुलै

न झाडलेलं घर. पायाला कचकच लागतेय. चिमणाबाई झाडू हातात घेऊन दारात उभी—"मग मी करू काय, बाई?" बारा वर्षं काम करतेय, तिला हे सुटी दिल्यासारखं नाही, काढून टाकल्यासारखं वाटतंय. भांडी घासून गेली.

पुरवणीचा मजकूर पाठवला. पेपरातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी शनिवारचं पान माझ्याकडेच आहे. दुपारी चार म्हणजे चार. तेवढं एक बरं आहे. चारपर्यंत दुसरं काही सुचत नाही.

२ जुलै

घराबद्दल लिहावंसं वाटलं.

दोन हजार एकोणीसला नऊ दिवस पुराचं पाणी होतं आत. चार फूट. उतरल्यावर आम्ही दोघं आलो तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये पोहत आला होता आणि सोफ्यावर आडवा झाला होता. हे म्हणाले, "ह्यो तरी आराम करतोय." आमचा अभिराम पुण्याहून फोनवर ओरडत होता—विकून टाका, इकडे या. अकराव्या मजल्यावर पाणी येत नाही! आम्ही एकोणीस दिवस गाळ काढला. मी खरडायची, हे पाटीनं बाहेर टाकायचे. बोटांची नखं गेली. शेजारची तीन घरं विकली गेली, आमचं नाही.

एकवीसला परत आलं. दीड फूट. तेव्हा तर आम्ही कुणाला सांगितलंही नाही.

बेडरूमची उत्तरेची भिंत तेवढी कधी नीट वाळली नाही. एकोणीसच्या दिवाळीआधी तिथं मोठं कपाट उभं केलं. आकाराम सुतार म्हणत होता, "भिंत अजून थंड लागतीया, बाईसाहेब. संक्रांतीपर्यंत थांबा की." मी म्हटलं, दिवाळीला घर पहिल्यासारखं दिसलं पाहिजे. आयुष्यभर लोकांना तारखा दिल्या, त्यालाही दिली. त्यानं पाळली.

३ जुलै

रेफ्रींच्या वार्षिक सभेला गेले हे. राजवर्धन, त्यांचा जुना विद्यार्थी, गाडीतून घेऊन गेला. अकरा ते एक.

चिमणाबाई आली. मी म्हटलं, एक हात लाव, कपाट सरकवायचंय. नुसतं बघायचं होतं मला. उद्या तो बघणार त्याआधी मी बघावं, एवढंच.

कपड्यांचे गठ्ठे काढले, दोघींनी रेटलं. हातभर सरकलं. चिमणाबाई वाकली आणि तशीच राहिली.

"आगं बाई! हितं तर जंगल हाय की!"

काळं, हिरवट, मधे पांढरी लव. माझ्या कमरेइतकं उंच. कपाटाच्या पाठीलाही तेच. आणि ह्यांची उशी तिथून चार हातांवर.

पुराच्या वेळची ब्लिचिंग पावडर मोरीत होती. बादली भरली.

"न्हाय पुसायचं म्हणालता न्हवं तुम्ही?"

एवढंच, म्हटलं. परक्या माणसाला काय दाखवायचं हे? म्हणेल, बाई पेपरात घर सजवण्यावर लिहिते आणि हिच्या घरात बघा! दातांच्या डॉक्टरकडे जाताना आपण दात घासूनच जातो. आणि घाण होती ती काढली, म्हणजे गेलीच की. वाईट काय केलं?

अर्धा तास लागला. दोघींचे डोळे चुरचुरत होते. पंखा जोरात लावून भिंत सुकवली. कपाट जागेवर. खिडकी लावली, कडी घातली. चिमणाबाईला म्हटलं, बोलू नकोस कुणाला. ती म्हणाली, "कुणाला सांगू? भांड्यास्नी?"

हे आले एकला. बेडरूमच्या दारातच थबकले. मला वाटलं, दम लागला. पाणी दिलं. सभेत काय काय झालं ते सांगत बसले जेवताना. रात्री खोकले बरेच.

४ जुलै

सकाळी आंघोळ करून आले तर बेडरूमच्या खिडकीची कडी वर. काल घातली होती की मी! पण खिडकी लागलेली होती. विसरले असेन. वास घेऊन बघितला—काही नाही. नशीब.

बुद्धभूषण नऊला पाच कमी असताना. तिशीतला, पाठीवर सॅक, बूट बाहेर काढून आत पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. अक्का नेमक्या आलेल्या. खुर्चीतूनच—

"पावणं कुठलं म्हणायचं? आडनाव काय?"

"कांबळे. बौद्ध. शिरोळचा. चहा बिनसाखरेचा," त्यानं एका दमात सांगितलं, हसत. अक्कांनी त्याला खालवर बघितलं. मग म्हणाल्या, "ह्या वयात बिनसाखरेचा? काय झालंय तुला?" आणि आत जाऊन स्वतः टाकला.

हवा ओढणारा लहानसा पंप. त्याला बिस्किटाएवढी डबी लावतो, दहा मिनिटं चालू ठेवतो, डबीवर नंबर टाकतो. बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, आणि एक डबी बाहेर अंगणात. बाहेरची कशाला? "बुरशी सगळीकडंच असते, मावशी. बाहेरच्यापेक्षा आत जास्त आहे का, आणि वेगळी आहे का, ते बघायचं." मग भिंतीला टेकवायचं यंत्र. उत्तरेच्या भिंतीवर ते टूं-टूं करून ओरडायला लागलं. अक्का म्हणाल्या, "हिला शुगर हायच बघा!"

कपाट सरकवलं त्यानं. बॅटरी लावून बघत राहिला. चिकटपट्टी लावून काढली. भिंत पांढरी.

"खोली चोवीस तास बंद होती?"

हो.

"पुसलं नाही ना काही?"

नाही.

माझ्याकडं बघितलं. की मला तसं वाटलं! नृसिंह पलंगावर बसून सगळं पाहत होते. ते म्हणाले, "आमची बाई नियमानं चालणारी हाय. मी कार्ड दाखवायच्या आधी पोरं तिला भ्यायची." तो हसला, लिहून घेतलं.

१६ जुलै

अहवाल आला! चार पानं. भिंतीत ओल आहे, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, दुरुस्ती करावी. पण हवेतली बुरशी: आतली आणि बाहेरची जवळजवळ सारखीच. भिंतीवर वाढ आढळली नाही. घरामुळे त्रास होत असल्याचा पुरावा नाही.

मी दोनदा मोठ्यानं वाचलं. अक्कांना फोन केला, त्या म्हणाल्या, "मी सांगत न्हवते!" अभिरामला पाठवला. बासुंदी केली.

हे एवढंच म्हणाले, "बरं झालं. राहिलो मैदानात."

तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. 'चाचणीपूर्वी खोली चोवीस तास बंद होती व स्वच्छता केलेली नव्हती, असे घरमालकांनी सांगितले.' तीस वर्षं हेच केलं मी. ज्या बातमीची खात्री नसायची, तिला शेवटी 'असे सांगण्यात आले' जोडायचं. म्हणजे उद्या खोटं निघालं तर आपण नाही, सांगणारा जबाबदार.

बासुंदी जरा करपली.

१८ जुलै

डॉ. निशिगंधांनी अहवाल सावकाश वाचला. "म्हणजे घर नाही." गोळ्या लिहून दिल्या, दिवसाला दोन. पोट बिघडेल म्हणाल्या. ह्या गोळ्यांनी जाळी मागं जात नाही, फक्त वेग कमी होतो. "घरात आराम करू दे. पावसात बाहेर नको."

घरात आराम करू दे!

२७ जुलै

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला एकेचाळीस फूट, धोक्याच्या खुणेला दोन कमी. सगळी कॉलनी मोबाईल बघत बसलीय. आमच्याही बॅगा दारात. कागदपत्रं, औषधं, शिट्टी. शिट्टी कशाला? "असू दे की."

२९ जुलै

एकोणचाळीस. उतरतंय. दोन पुरांत माणूस इतकं सोसतो आणि पुन्हा तिथंच झोपतो.

१९ ऑगस्ट

चार किलो गेले. अन्न समोर आलं की तोंड फिरवतात. अक्कांचा रस्सासुद्धा परत. अक्कांना ते फार लागलं. "माझ्या हातचं न्हाय म्हणतोय ह्यो?" दारात जाऊन डोळे पुसून आल्या आणि परत तोफ सुरू.

दिवसभर बेडरूममध्ये असतात. खिडकी लावून. पावसात बाहेर नको ना.

७ सप्टेंबर

अभिराम चार दिवस येऊन गेला. बाप आणि मुलगा पलंगावर मॅच बघत होते. ह्यांनी पंच चुकलेला दाखवला, बोलता बोलता खोकला आला, तो थांबेना. अभिरामनं पाठ चोळली. स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, त्या घराच्या टेस्टचं नक्की ना?"

अहवाल तू वाचलास की, म्हटलं.

२० सप्टेंबर

दोनशे नव्वद मीटर.

२१ सप्टेंबर

"असंच चालतं ह्या प्रकारात," डॉक्टर म्हणाल्या. "पण मला जरा जास्त वेगानं वाटतंय." फाईल मागंपुढं चाळली. शेवटी घराचा अहवाल लावलेला होता. मी पर्स उघडली, बंद केली. काही शोधायचं नव्हतं.

आज सांगता आलं असतं.

८ ऑक्टोबर

कपाट उघडलं की वास येतो. साडीच्या घडीत हिरवट ठिपके. ती साडी चिमणाबाईनं बघितली. साडी धुवायला घेतली.

३ नोव्हेंबर

ऑक्सिजनचं यंत्र घरी आणलं. पलंगाजवळ ठेवलं, म्हणजे कपाट आणि पलंग ह्यांच्या मधे. दिवसभर घूं-घूं. नाकात नळी. आंघोळीपुरती काढतात. दोनशे मीटरही झाले नाहीत या वेळी, नर्सनंच थांबवलं. ह्यांनी दोन्ही हातांची फुली करून दाखवली तिला. मॅच संपली.

९ नोव्हेंबर

तीन जुलैचं पान काढून वाचलं. सगळं खोटं लिहिलंय. पाहुणा म्हणे! दात घासून म्हणे! ज्या वहीला फक्त मी वाचते तिथंसुद्धा मी मजकूर सारवला.

मला घर सोडायचं नव्हतं. ते काळं बघितलं तेव्हा मला एका सेकंदात कळलं होतं. बादली भरायच्या आधी. हे बुद्धभूषणनं बघितलं की डॉक्टर म्हणणार, बाहेर पडा. मग एकोणीस दिवसांचा गाळ, नखं, परत घातलेली फरशी, सगळं फुकट. मग पुण्याला अकराव्या मजल्यावर, सुनेच्या स्वयंपाकघरात, खुर्चीत. मी ह्यांच्या उशीकडं बघितलं होतं आणि तरी पुसलं.

हे लिहायला चार महिने सहा दिवस लागले.

११ नोव्हेंबर

बुद्धभूषणला फोन केला. म्हटलं, मी त्या दिवशी खोटं बोलले. भिंत पुसली होती. ब्लिचिंगनं.

मी ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती.

"मावशी, दहा घरांत सहा घरं पुसतात," तो म्हणाला. "निपाणीला एकांनी मी येणार म्हणून भिंतीला नवा रंग दिला. दारात रांगोळी होती. आमच्या आईनं पण केलंय. पुरानंतर मी माझंच घर तपासायला गेलो, तर हिनं आदल्या दिवशी चुना मारलेला. म्हणाली, साहेब येणार म्हटल्यावर?" हसला नाही मात्र. "काका कसे आहेत?"

सांगितलं.

"शनिवारी येतो. कशालाही हात लावू नका. आता खरंच."

ह्यांना म्हटलं, परत तपासणी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. आणखी एक खोटं. "बरं," म्हणाले. नुसतं बरं.

१५ नोव्हेंबर

ह्यांना सकाळीच अक्कांकडे नेलं, यंत्रासकट. बुद्धभूषणनं तोंडाला मोठा मुखवटा लावला, मलाही दिला. कपाट ओढलं.

जुलैपेक्षा जास्त. कपाटाची प्लायवूडची पाठ बोटानं दाबली तर बोट आत गेलं. सालपटासारखा थर निघाला, आतून काळा. सहा वर्षं ओल्या भिंतीला पाठ टेकून उभं होतं ते.

त्यानं डब्या लावल्या. सगळं झाल्यावर ओसरीत बसून जुना अहवाल काढला आणि त्याच्याकडं बघत राहिला.

"एक समजत नाही मला. पुसल्यानं भिंतीवरची जाते. उलट पुसताना ती उडते, हवेत वाढते. हवा इतकी साफ कशी आली तेव्हा? बाहेरच्यासारखी? आणि ब्लिचिंगचा वास मला आला असता. आला असता तर मी पंप काढलाच नसता, परत गेलो असतो."

मी म्हटलं, मला माहीत नाही. हे मात्र खरं.

"खोली बंद होती ना पण?"

कडी घातली होती मी. स्वतः.

त्यानं मान हलवली. बिनसाखरेचा चहा तसाच राहिला.

२७ नोव्हेंबर

आतली बुरशी बाहेरच्या बावीस पट. जातीसुद्धा वेगळ्या. ओल्या लाकडावर वाढणाऱ्या.

अहवाल घेऊन एकटीच गेले. डॉ. निशिगंधांना सगळं सांगितलं. तारखेसकट, बादलीसकट. त्या रागावतील असं वाटत होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घर आजच्या आज सोडा. औषधं बदलते." लिहीत राहिल्या.

मी विचारलं, जुलैत बाहेर पडलो असतो तर?

"जुलैत जाळी तीस टक्के..." एवढं म्हणून थांबल्या. ह्या बाई वाक्य अर्धवट सोडत नाहीत कधी. मग म्हणाल्या, "जाळी झालेला भाग परत येत नाही. आता उरलंय ते थोडं आहे. ते किती दिवस पुरेल, मी सांगू शकत नाही."

उतरताना जिन्यावर बसले. शेजारी एक बाई आपल्या म्हाताऱ्याला डबा भरवत होती. तिनं मला पाणी दिलं. विचारलं, "कोण हाय तुमचं आत?" कुणी नाही, म्हटलं. तपासणीला आले होते.

२ डिसेंबर

पाच दिवस अक्कांकडे काढले. आता शिवाजी पेठेत भाड्याची खोली, तिसरा मजला, कोरडी. अक्कांच्या घरासमोरच. राजवर्धन आणि तीन आडदांड खेळाडूंनी ह्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. हे वरून सूचना देत होते, "लेफ्टला दाब! अरे लेफ्टला!" पोरं हसत होती, घामानं निथळत होती. वर पोचल्यावर एक जण जिन्यात जाऊन रडला. मला दिसलं.

घरातून काहीच आणायचं नाही असं सांगितलंय. कपडे, गाद्या, पुस्तकं, काही नाही. तरी वही आणली. कुणाला सांगितलं नाही. मग तिच्यातही बुरशी असेल अशी भीती वाटली, ताज्या वहीत सगळी पानं जशीच्या तशी उतरवली आणि जुनी खालच्या कचरागाडीत टाकली. तीन जुलैसुद्धा गाळला नाही.

अक्कांना सगळं सांगितलं. वाटलं, पेठ डोक्यावर घेतील. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "मी सुदिक पुसली असती," म्हणाल्या. मग, "तू ह्याला सांगितलंस?"

नाही.

"सांग. म्या न्हाय सांगणार."

६ डिसेंबर

सांगणार होते. गोल झाला खाली मैदानात, गल्लीभर आरडाओरडा. ह्यांनी मान वर केली. "कुणाचा?" मी खिडकीतून ओरडून विचारून आले. तेवढ्यात डोळा लागला होता.

१० डिसेंबर

इथं खोकला कमी. डॉक्टर म्हणाल्या, हवा चांगली आहे, उशीर झालाय एवढंच. ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडा तीनवरून पाचवर नेला.

चार वाजता शनिवारचं पान दिलं. संपादक म्हणाला, मॅडम, या आठवड्यात राहू द्या की. मी म्हटलं, नको.

१४ डिसेंबर

आज सांगितलं. सकाळी खिडकी उघडली आणि तिकडं तोंड करूनच बोलले. तीन जुलैला तुम्ही सभेला गेला होता. मी कपाट सरकवून भिंत पुसली. मला घर सोडायचं नव्हतं.

मागं नुसतं यंत्राचं घूं-घूं. मला वळवेना.

"म्हायतंय की," ते म्हणाले. दम घेतला. "दारातच वास आला हुता."

पुन्हा दम घेतला.

"सकाळपातूर जाईना गं त्यो. तू आंघुळीला गेलीस तवा मीच खिडकी उघडली. त्या पोराला वास कळू नये म्हणून."